पळत्याच्या पाठी

ता. ४ मार्च

प्रिय वहिनी,
सप्रेम नमस्कार.

शाळेच्या पत्त्यावर पाठवलेलं तुमचं कार्ड मिळालं. सातवीची मुलं अपूर्णांकांशी झटापट करत होती, तेवढ्यात शिपाई घेऊन आला. फोन नंबर द्यायचा नाही म्हणता, माझ्या फोनवर तो दिसला तर दादाला कळेल म्हणून. बरं. पत्रं लिहू. माझं अक्षर अजून वाचता येण्यासारखं आहे.

तुम्ही घर सोडल्यावर मी दादाकडे राहायला आले, त्याला आता दीड वर्ष होईल. डोळ्यांनी बघते आहे म्हणून लिहिते. त्याने पत्त्यांना हात न लावल्याला या आठवड्यात चौदा महिने झाले. (हे पत्ते वेगळे. तुमचा पत्ता मी त्याला अजून दिलेला नाही.) सकाळी सातला हत्यारांची पिशवी घेऊन निघतो, दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो, संध्याकाळी हातपाय धुऊन माझ्याबरोबर टीव्हीपुढे बसतो. क्लबाची ती गल्ली वाटेत येऊ नये म्हणून बाजाराला वळसा घालून घरी येतो. दर गुरुवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत त्याच्यासारखेच पंधरा-वीस जण खुर्च्या गोल मांडून बसतात आणि आपापल्या खोडीबद्दल बोलतात. एक निवृत्त बस ड्रायव्हर ते चालवतात. दादाने एकही गुरुवार चुकवलेला नाही.

दुसरी बातमी अशी. 'नऊ दारं' नावाचा कार्यक्रम तुम्ही बघता का, माहीत नाही. नऊ बंद दारं. सहा दारांमागे बक्षिसं, तीन दारांमागे काळा पडदा. दार उघडायचं, निघेल ते आपलं. वाटलं तर तिथेच थांबायचं, वाटलं तर पुढचं उघडायचं. काळा पडदा निघाला तर आधीचंही गेलं. दादाचा नंबर लागला आहे, १२ एप्रिलला चित्रीकरण. समोरच्या सोफ्यावर घरचं एक माणूस बसवतात. ती जागा तुमची आहे.

तुमच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. पण हा जुगार नव्हे, वहिनी. घरोघरी, आजीपासून नातवापर्यंत सगळे एकत्र बसून बघतात. क्लबात कधी कोणी नातवाला घेऊन गेलंय?

या. एवढंच मागते.

तुमची,
चिमू


ता. १५ मार्च

चि. चिमूस,
अनेक आशीर्वाद.

मी लग्न होऊन आले तेव्हा तू बी.एड. करत होतीस. तेव्हापासून बघते, तुला खोटं बोलता येत नाही. फार तर तू अर्धंच बोलतेस. म्हणून तुझं पत्र तीनदा वाचलं.

चौदा महिने ही लहान गोष्ट नाही. त्यांना माझा नमस्कार सांगू नकोस, पण मनातल्या मनात मी केला असं समज.

आता माझं ऐक. तुझ्या दादांनी माझं चष्म्याचं दुकान पत्त्यांत घालवलं हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. जागा त्यांच्या नावावर होती, ही माझी चूक. बावीस वर्षं त्या काउंटरमागे बसून लोकांना नंबर काढून दिले आणि स्वतःच्या घरातलं मला दिसलं नाही, असं लोक म्हणाले. म्हणू देत. इथे आता परक्याच्या दुकानात मागच्या बाकावर बसून भिंगं घासते.

पण मी घर सोडलं ते दुकानापायी नाही. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं ना, तेव्हा दवाखान्यातून मला सकाळी दहाला सोडलं. हे न्यायला येणार होते. पिशवी मांडीवर घेऊन मी दाराजवळच्या बाकावर बसले. दुपारी एका आयाने तिच्या डब्यातलं मला वाढलं. हे संध्याकाळी सहाला आले, आणि हसत आले, कारण त्या दिवशी जिंकले होते. येताना माझ्यासाठी शाल आणली होती. चिमू, हरून आले असते तर मी कदाचित राहिले असते. हरलेल्या माणसाला आपलं काहीतरी चुकलं एवढं तरी कळतं. जिंकलेल्याला कोण सांगणार?

तेव्हा मला एवढंच सांग. त्या दारांमागे काय आहे हे आधी कळतं का? नाही. हातातलं सोडून पुढचं मागायचं असतं ना? हो. मग पत्त्यांत आणि यात फरक काय राहिला, दिव्यांचा?

आणि त्या गुरुवारच्या ड्रायव्हरांना हे सांगितलं आहे का?

तुझी,
वहिनी


ता. २४ मार्च

प्रिय वहिनी,
सप्रेम नमस्कार.

दवाखान्यातलं मला माहीत नव्हतं. वाचून दिवसभर वर्गात लक्ष लागलं नाही. दादाला विचारणार होते, पण मग पत्रांचं सांगावं लागलं असतं.

तरीही तुमच्या प्रश्नाला उत्तर देते. फळ्यावर लिहिल्यासारखं वाटेल, राग मानू नका. जुगाराला तीन गोष्टी लागतात: पणाला लावलेलं काहीतरी, नशीब, आणि बक्षीस. इथे नशीब आहे, बक्षीस आहे, पण पण नाही. दादा खिशातून दमडी काढत नाही. रिकाम्या हाताने जायचं, फार तर रिकाम्या हाताने परत यायचं. ज्यात गमावण्यासारखं काही नाही तो जुगार कसा? आमच्या शाळेत एक वकील पालक आहेत, त्यांनाही विचारलं. ते हसले आणि म्हणाले, "बाई, उत्तर कोणाला हवंय त्यावर ते अवलंबून आहे." म्हणजे त्यांनाही ठामपणे हो म्हणता आलं नाही.

ड्रायव्हरकाकांना आम्ही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं? पण त्यांना कुठून तरी कळलं आणि ते घरी आले. पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्या उभ्या म्हणाले, "दार काय आणि पान काय, उलटायचं तेच."

मी म्हटलं, "काका, हे टीव्हीवर लहान मुलंसुद्धा बघतात."

"म्हणूनच म्हणतो," म्हणाले.

दादा खाली मान घालून बसला होता. मीच जरा फटकळपणे बोलले असेन. त्यानंतर दोन गुरुवार तो गेलेला नाही. कार्यक्रमाची तालीम असते, वेळही मिळत नाही.

नंबर लागणं सोपं नाही हो, हजारो लोक असतात.

तुम्ही येणार ना?

चिमू


ता. २ एप्रिल

चि. चिमूस,
अनेक आशीर्वाद.

नाही, येणार नाही.

हजारो लोकांतून नंबर लागतो म्हणतेस, तर तो कसा लागतो? लिफ्ट दुरुस्त करायला गेले आणि तिथूनच उचलून नेलं, असं तर नसेल.

तुझ्या पत्रात शेवटाला एक ओळ गिचमिड करून खोडली आहेस. मी दिवसभर दिव्यासमोर काच धरून ओरखडे शोधणारी बाई. कागद धरला. "मी पण रोज" एवढं दिसलं, आणि पुढे "फोन".

रोज काय करतेस, चिमू?

वहिनी


ता. १४ एप्रिल

प्रिय वहिनी,

आधी मोठी गोष्ट. दादा जिंकला, आणि जिंकून थांबला.

तुम्ही तिथे असायला हवं होतं. आत इतकं गार होतं की माझी बोटं बधिर झाली. टीव्हीवर ती दारं सोन्याची वाटतात, प्रत्यक्षात साधं प्लायवूड. मागच्या बाजूने टेकू आणि खिळे दिसतात. टाळ्या कधी वाजवायच्या हे सांगायला एक माणूस ठेवलेला असतो. मला तुमच्या सोफ्यावर बसवलं. निवेदकाने विचारलं, "घरी कोण कोण?" दादा म्हणाला, "बहीण आहे. बायको बाहेरगावी गेलीय, येईल." एवढंच. पण लोकांनी केवढ्या टाळ्या वाजवल्या, त्या काही सांगून वाजवलेल्या नव्हत्या.

त्याने चार दारं उघडली. चारही चांगली. पाचव्याला निवेदक म्हणाला, "काका, नशीब जोरावर आहे, सोडताय काय?" सगळे ओरडत होते. दादाने घाम पुसला आणि म्हणाला, "पुरे." वहिनी, जुगारी माणूस 'पुरे' म्हणतो का? तुमच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर त्या एका शब्दात आहे.

आता फोनचं. हो, फोन करावे लागतात. एका नावावर आठवड्याला पाच. नेहमीपेक्षा महाग पडतात, पण ते बसच्या तिकिटासारखं झालं. तिकीट काढलं म्हणून प्रवास काही जुगार होत नाही. माझ्या नावावर वर्षभर लागेना, म्हणून मी दादाच्या नावाने केले. त्याला नंतर सांगितलं. आधी नको म्हणाला होता. आता बघा.

आणि खरी गोष्ट ही. आपल्या कोपऱ्यावरच्या शिंप्याची जागा रिकामी झाली आहे. मिळालेल्या रकमेत ती घेता येते. दादा म्हणाला, तिच्या नावावर घ्यायची, माझं नाव कागदावर कुठेही नको. आतल्या बाजूला तुमचं भिंगं घासायचं मशीन बसेल. मी पावलांनी मोजून आले.

१ जूनला या. २६ तारखेला कार्यक्रम दाखवणार आहेत, जमलं तर बघा.

तुमची,
चिमू


ता. २९ एप्रिल

चि. चिमूस,
अनेक आशीर्वाद.

बघितला. दुकानात गिऱ्हाइकांसाठी टीव्ही आहे, त्यावरच. मालक म्हणाले, "चांगला माणूस दिसतोय, वेळेवर थांबला."

तू म्हणतेस ते खरं आहे, ते थांबले. मला वाटलं नव्हतं. 'पुरे' म्हणताना त्यांच्या गळ्याची शीर ताठ झालेली दिसली. ती मी ओळखते, आणि त्या माणसाला तो शब्द केवढ्याला पडला हेही मला कळलं.

पण चिमू, कॅमेरा तुझ्यावरही आला होता. ते 'पुरे' म्हणाले तेव्हा तू टाळ्या वाजवल्यास, ते नंतर. त्याच्या आधी क्षणभर तुझा चेहरा असा उतरला, जसं कोणी पुढ्यातलं ताट ओढून घ्यावं. आणि त्याच्याही आधी तू ओठांनी काहीतरी म्हणत होतीस. "अजून एक." मी चुकत असेन तर सांग.

त्यांच्या नावाने फोन केलेस, तेही त्यांना न विचारता. दारू सोडलेल्याच्या पुढ्यात आपणच पेला ठेवायचा आणि त्याने तो लोटला की 'बघा, विष नव्हतंच' म्हणायचं, यातला प्रकार आहे हा. माझ्या हातात असतं तर त्या दिवशी मी तुझा कान पिळला असता, पन्नाशीची असलीस तरी.

एवढं लिहून झाल्यावर आता मी काय करतेय ते लिहिते. मी येते. शिंप्याची ती जागा मला माहीत आहे, तिथे सकाळी उजवीकडून उजेड येतो. नंबर तपासायला तसाच उजेड लागतो. पत्र वाचल्यापासून मनात शोकेस कुठे ठेवायचं हेच चाललं आहे. ज्या पैशाला नावं ठेवली त्याच पैशाच्या जागेत जाऊन बसायचं, म्हणजे मी काही धुतल्या तांदळाची नाही. दुसऱ्याचं भिंग घासून घासून मान गेली, चिमू. मी पण माणूसच आहे.

मालकांना सांगितलं, ३१ मेपर्यंतच येईन. ते माझ्या जागी दुसरी मुलगी बघत आहेत.

फक्त एवढं कर, मी येण्याआधी जागेचा करार होऊ दे. त्याची प्रत इकडे पाठव.

वहिनी


ता. २० मे

प्रिय वहिनी,
सप्रेम नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, वार्षिक निकालांची गडबड होती. करार या चार-आठ दिवसांत होईल. शिंप्याला सांगून ठेवलं आहे, तो थांबायला तयार आहे.

उशिराचं कारण असं की रक्कम अजून हातात आलेली नाही. 'महाफेरीत खेळणार नाही' असं लिहून दिलं की देतात. महाफेरी म्हणजे जिंकलेल्यांना परत बोलावतात. जिंकलेलं सगळं मांडायचं. नऊ दारं, पण या वेळी काळी फक्त दोन. एकच दार निभावलं की दुप्पट, आणि तिथेच थांबायचं.

दादा नाही म्हणाला. मीही नाहीच म्हटलं. पण नंतर सहज कागदावर मांडून बघितलं. नवातली सात दारं आपली. वर्गातल्या नऊ मुलांपैकी सात पास झाली तर आम्ही निकाल चांगला लागला म्हणतो. दुप्पट झाली तर जागेबरोबर मशीनही नवीन घेता येईल, ते भिंगाला आपोआप आकार देणारं, तुम्ही एकदा प्रदर्शनात बघून आला होतात. तुमची मान दुखते म्हणून म्हणते.

दादाने स्वतः खेळायलाच पाहिजे असंही नाही. त्याने सही करून दिली तर घरचं दुसरं माणूस खेळू शकतं.

'अजून एक' मी म्हणत नव्हते. थंडीने ओठ थरथरत होते.

चिमू


ता. २४ मे

चिमू,

करू नकोस.

मला नवीन मशीन नको. जुनंही नको. इथली नोकरी मी सोडून बसले आहे. लिहून दे आणि रक्कम घे. हे पत्र मिळताच कर, माझ्यासाठी.

रिकाम्या हाताने जायचं, रिकाम्या हाताने यायचं असं तूच लिहिलं होतंस. या वेळी हात रिकामा नाही.

वहिनी


ता. १६ जून

काय म्हणून लिहावं कळत नाही, म्हणून मायना लिहीत नाही.

तुझा पत्ता मी चिमूच्या टेबलावरच्या पाकिटावरून घेतला. दुकानाचं छापील पाकीट होतं. घाबरू नकोस, मी येणार नाही. चिमू लिहिणार नाही आणि तू १ तारखेला आली नाहीस, म्हणजे काय झालं असेल याचा अंदाज तुला आलाच असेल. तरी कोणीतरी सांगायला हवं.

महाफेरी २८ मेला झाली. चिमू खेळली. पहिलंच दार काळं निघालं.

शाळेच्या चौकटीच्या वहीत तिने त्या कार्यक्रमाचे सगळे भाग उतरवून ठेवले आहेत, कोणत्या दिवशी कोणतं दार काळं निघालं ते. तिच्या तक्त्यात पाच नंबरचं दार सगळ्यांत कमी वेळा काळं होतं. तिने पाच सांगितलं. गणिताच्या बाईला शिकवायची माझी लायकी नाही, पण पत्त्यांतून मी एवढं शिकलोय की मागचं त्यांना आठवत नसतं. दारालाही नसतं.

तुझं 'करू नकोस' आदल्या दिवशीच शाळेत पोचलं होतं. मी ते नंतर वाचलं.

मी सही केली. चिमूने गळ घातली, रडली, हे खरं. पण हात माझा होता. तू विचारणार नाहीस, तरी सांगतो. सही करताना मला बरं वाटलं. सोळा महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं बरं. दुसऱ्याच्या हाताने का होईना, पान उलटणार होतं. तिथे बसून मी तुझ्या दुकानाचा विचार एकदाही केला नाही. दार उघडल्यावर केला.

दवाखान्याच्या बाकाचंही मी तुझ्या पत्रात वाचलं. मला तो दिवस शालीचा म्हणून आठवत होता.

मी गुरुवारचं परत सुरू केलं आहे. ड्रायव्हरकाका एवढंच म्हणाले, दिवस एकपासून मोज. चिमूलाही घेऊन जावं म्हणून बघतो, पण ती म्हणते, ती सगळी जुगारी माणसं आहेत, त्यांच्यात मी काय करू. मागच्या आठवड्यात वर्गात तास चालू असताना तिला फोन फिरवताना मुलांनी बघितलं. शाळेने तिला रजेवर पाठवलं आहे. दिवसभर ती वही घेऊन बसते.

उत्तर देऊ नकोस. देण्यासारखं मी काही ठेवलेलं नाही.


ता. २ जुलै

प्रिय वहिनी,
सप्रेम नमस्कार.

घरच्या पत्त्यावरून लिहिते आहे. शाळेतून सध्या मी सुट्टीवर आहे, जरा विश्रांती घेते आहे. दादाने तुम्हाला पत्र टाकलं असं म्हणाला. त्याने नेहमीसारखं सगळं काळंकुट्ट करून लिहिलं असणार.

शांतपणे विचार केला तर काय गेलं, वहिनी? दादा रिकाम्या हाताने गेला होता, आम्ही रिकाम्या हाताने आलो. जिथे होतो तिथेच आहोत. जे आपल्याकडे कधी आलंच नव्हतं ते गेलं असं कसं म्हणायचं? सात दारं आपल्या बाजूची होती. गणित बरोबर होतं, फक्त दार चुकलं. लोक उत्तर चुकलं की रीतही चुकली असं धरतात. मी मुलांना रीतीचे गुण नेहमी वेगळे देते.

रागावू नका, पण एक मनात आहे. एप्रिलमध्ये तुम्ही येऊन सोफ्यावर बसला असतात तर घर तेव्हाच जुळलं असतं, आणि महाफेरीचा प्रश्नच आला नसता. २८ तारखेला मी सोफ्याकडे बघितलं, तिथे दादा बसला होता. तो मला कधी थांबवू शकला आहे? तुम्ही असता तर मी थांबले असते.

असो. झालं ते झालं. आता नवीन मालिका सुरू होते आहे. नियम बदलले आहेत, बारा दारं, काळी तीनच. तुम्हीच सांगा, मागच्यापेक्षा किती बरं. एका नावावर पाच फोन, ते तसंच ठेवलं आहे. माझे पाच सोमवारीच संपतात. दादाने त्याचं नाव वापरायचं नाही म्हणून सक्त सांगितलं आहे. हल्ली तो मला फार बोलतो. तेव्हा म्हटलं, तुमचं नाव वापरू का? तुम्हाला काही करायचं नाही, यायचं नाही, खर्चही माझा. फक्त नाव. लागला नंबर तर कोपऱ्यावरची जागा अजून रिकामीच आहे, मी परवा बघून आले.

नावाला काय पैसे पडतात?

तुमची,
चिमू


ता. ९ जुलै

चि. चिमूस,
अनेक आशीर्वाद.

माझ्या नावाची परवानगी तू २ तारखेला मागितलीस. त्याच्या दोन दिवस आधीच, ३० जूनला, इथल्या दुकानात फोन आला होता.

१ जूनला सामान बांधून मी तुझ्या कराराची वाट बघत होते. तो आला नाही, तेव्हा मालकांकडे परत गेले. त्यांनी ठेवून घेतलं, पण मशीनवर आता नवीन मुलगी आहे. चांगली आहे, हात हलका आहे. मी काउंटरवर फ्रेमा पुसते आणि फोन घेते. म्हणून तो मीच उचलला. एका मुलीचा गोड आवाज होता. तिने माझं पूर्ण नाव घेतलं, माहेरचंसुद्धा, आणि म्हणाली, "अभिनंदन, आपली निवड झाली आहे." हा नंबर तुला पाकिटावर मिळाला असणार.

मी सोफ्यावर बसले असते तर तू थांबली असतीस, असं लिहितेस. चिमू, तुझ्या दादांसाठी मी बावीस वर्षं तशी समोर बसले होते. आता तुझ्यासाठी परत बसायची ताकद माझ्यात नाही. गुरुवारी वाचनालयाच्या वर जातेस का, एवढंच मी तुझ्या दादांना विचारत जाईन. त्यांना मी आज वेगळं कार्ड टाकलं आहे. तू गेलीस असं त्यांनी लिहिलं, तर तुला पत्र लिहीन. तोवर नाही.

मात्र एक गोष्ट तुला सांगायला हवी. तुला एवढं बोलले आणि ही लपवली, तर मी पण अर्धंच बोलणारी झाले. त्या मुलीला मी सांगितलं, या नावाची बाई इथे नाही. ती म्हणाली, "असं होय, मग माफ करा." आणि ती फोन ठेवणार, तेवढ्यात मी तिला विचारलं, या वेळी काळी दारं किती आहेत.

तिने सांगितलं. मग फोन मी ठेवला.

तुझी,
वहिनी